इतो, मिदोरी

इतो, मिदोरी : (१३ ऑगस्ट १९६९ –    ). विख्यात जपानी महिला फिगर स्केटिंगपटू. १९८९ ची जागतिक विजेती, १९९२ च्या हिवाळी ऑलिंपिक सामन्यांतील रौप्यपदकाची मानकरी आणि स्पर्धेत तिहेरी ॲक्सेल ही उडी यशस्वी रीत्या घेणारी पहिली महिला. फिगर स्केटिंगच्या कोणत्याही प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळविणारी ती पहिली आशियाई खेळाडू होय. ज्या दशकात तिची स्पर्धात्मक कारकीर्द बहरली, त्याच दशकात या खेळातील गुणवत्ता मोजण्याचे मापही बदलले. तिच्या यशापयशाचा वृत्तांत त्यामुळे त्या स्थित्यंतरापासून वेगळा काढता येत नाही.

जपानमध्ये बर्फावरील स्केटिंगचा प्रसार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच झाला होता. १९३६ च्या गार्मिश-पार्टेनकिर्खेन (जर्मनी) येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये एत्सुको इनादा ही अवघी बारा वर्षांची जपानी मुलगी महिलांच्या स्पर्धेत उतरली व तिने दहावा क्रमांक मिळविला. त्यानंतर मात्र चार दशके जपानी स्केटिंगपटूंना जागतिक पदकाने हुलकावणी दिली. १९७७ मध्ये तोक्यो येथे भरलेल्या जागतिक स्पर्धेत मिनोरू सानो याने पुरुषांच्या विभागात ब्राँझपदक मिळवून हा खंड भरून काढला आणि १९७९ मध्ये व्हिएन्ना येथे एमी वातानाबे हिने महिलांच्या विभागात तेच साधले. तथापि यूरोप व उत्तर अमेरिका यांचे या खेळावरील वर्चस्व त्यामुळे ढळले असे म्हणता येत नाही. अजिंक्यपदासाठी झगडणाऱ्या खेळाडूंमध्ये आशियाई नाव असण्याची सवय ना प्रेक्षकांना होती, ना पंचांना.

मिदोरीचा जन्म आइची प्रांतातील नागोया या औद्योगिक शहरी झाला. बर्फाळ उत्तरेपासून दूर असलेल्या या शहरात कृत्रिम बर्फाच्या बंदिस्त मैदानांमुळेच स्केटिंगचा सराव शक्य होता. अशाच एका मैदानावर बालपणी खेळत असताना माचिको यामादा या प्रशिक्षिकेचे लक्ष तिच्याकडे गेले. आईवडील विभक्त झाल्यानंतर मिदोरी यामादांच्याच घरी राहू लागली. प्रशिक्षिका आणि शिष्या यांचे हे नाते पुढे तिच्या संपूर्ण कारकीर्दीत टिकले. वयाच्या आठव्या वर्षीच ती तिहेरी साल्को ही उडी घेत असे. त्या काळी जागतिक स्पर्धांतील प्रौढ स्त्रियांपैकीही अनेकींना एखाद-दुसऱ्या तिहेरी उडीपलीकडे जाता येत नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे या गोष्टीचे महत्त्व कळते. मिदोरीची उंची प्रौढपणीही सु. १४५ सेंमी. एवढीच राहिली. बांधा लहान, पण पायांत विलक्षण शक्ती. त्यामुळे वेगाने धावत येऊन ती ज्या उंचीवर झेपावे, ती उंची पुरुष खेळाडूंच्या तोडीची असे.

तिच्या पुढील वाटचालीचे मर्म समजण्यासाठी तत्कालीन गुणपद्धती थोडी विस्ताराने पाहणे अवश्य आहे. फिगर स्केटिंग या नावातील ‘फिगर’ म्हणजे आकृती. बर्फावर स्केटच्या पात्याच्या एकाच धारेने वर्तुळे व त्यांपासून साधलेले इंग्रजी आठच्या आकड्यासारखे आकार कोरणे, हे या खेळाचे मूळ रूप. प्रत्येक पायावर तीच आकृती तीन वेळा गिरवावयाची आणि तिन्ही रेषा शक्य तितक्या एकमेकींवर पडावयाच्या, अशी अट असे. खेळाडू बाजूला झाल्यावर पंच बर्फावर जाऊन, वाकून त्या रेषा निरखीत. या सक्तीच्या आकृत्यांची फेरी बहुधा सकाळी, रिकाम्या प्रेक्षागारात तासन्‌तास चाले. तीत संगीत नसे, उड्या नसत आणि दूरचित्रवाणीला दाखविण्याजोगे फारसे काही नसे. तरीही एके काळी अंतिम निकालात अर्ध्याहून अधिक वाटा या फेरीचा होता. उरलेला भाग मुक्त स्केटिंगचा असून त्यात खेळाडू संगीताच्या साथीने उड्या, गिरक्या व पदन्यास यांची स्वतःची रचना सादर करी.

या व्यवस्थेतील विसंगती जपानच्याच भूमीवर ठळकपणे उघड झाली. १९७२ च्या सापोरो येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाच्या बेआट्रिक्स शूबा हिने आकृत्यांत इतकी मोठी आघाडी घेतली, की मुक्त स्केटिंगमध्ये सातवी येऊनही सुवर्णपदक तिलाच मिळाले. मुक्त स्केटिंगमध्ये पहिली आलेली अमेरिकेची जॅनेट लिन तिसरी राहिली. लिन त्या कार्यक्रमात एका गिरकीच्या वेळी बर्फावर पडली आणि हसत उठली. त्या हास्याने तिला जपानमध्ये जी लोकप्रियता मिळवून दिली, ती सुवर्णपदकविजेतीच्याही वाट्याला आली नाही. आकृत्या पाहण्याची संधीच न मिळालेल्या प्रेक्षकांना असे निकाल अनाकलनीय वाटत. परिणामी आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने १९७३ पासून ठराविक उड्या व गिरक्यांचा एक लघु कार्यक्रम स्पर्धेत समाविष्ट केला आणि आकृत्यांचे महत्त्व टप्प्याटप्प्याने घटविले. १९८० च्या दशकात आकृत्यांना शेकडा ३०, लघु कार्यक्रमाला २० व मुक्त स्केटिंगला ५० असे प्रमाण होते.

लघु कार्यक्रम व मुक्त स्केटिंग यांत प्रत्येक पंच सहापैकी गुण देई. एक आकडा तांत्रिक गुणवत्तेचा व दुसरा सादरीकरणाचा. परंतु हे गुण थेट बेरजेत धरले जात नसत. त्यांवरून त्या त्या पंचाच्या दृष्टीने खेळाडूंचा क्रम लागे, पंचांच्या बहुमताने त्या फेरीतील स्थान निश्चित होई आणि प्रत्येक फेरीतील स्थानाला ठराविक गुणकाने गुणून येणाऱ्या संख्यांची बेरीज केली जाई. ज्या खेळाडूची बेरीज सर्वांत लहान, ती विजेती. या हिशेबात प्रतिस्पर्ध्यापेक्षा किंचित सरस ठरणारी खेळाडू आणि त्याच्या कितीतरी पुढे गेलेली खेळाडू यांना सारखेच फळ मिळे. पहिला क्रमांक हा पहिलाच. तो किती अंतराने मिळाला याची नोंद कोठेही होत नसे. इतोच्या बाबतीत ही बाब पुढे निर्णायक ठरली.

आकृत्या हा तिचा आरंभापासूनचा कच्चा दुवा होता. कुमारांच्या जागतिक स्पर्धांत ती १९८१ मध्ये आठवी व १९८२ मध्ये सहावी आली. १९८४ च्या मोसमातील ही स्पर्धा सापोरो येथे झाली व तीत तिने ब्राँझपदक मिळविले. त्याच मोसमात ऑटावा (कॅनडा) येथील प्रौढांच्या जागतिक स्पर्धेत तिने पदार्पण केले व सातवा क्रमांक पटकाविला. १९८५ मध्ये ती प्रथमच जपानची राष्ट्रीय विजेती झाली. त्या वर्षीची जागतिक स्पर्धा तोक्योतच होती. परंतु पायाच्या दुखापतीमुळे स्वदेशातील प्रेक्षकांसमोर उतरण्याची ही संधी तिला गमवावी लागली. १९८५ ते १९९२ या काळात तिने सलग आठ वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद राखले. जागतिक स्पर्धांत मात्र १९८६ मध्ये जिनीव्हा येथे अकरावा आणि १९८७ मध्ये सिनसिनॅटी येथे आठवा, असे तिचे क्रमांक होते. पहिल्याच दिवशी आकृत्यांत मागे पडावयाचे आणि मग उरलेल्या दोन फेऱ्यांत वर चढत यावयाचे, असा तिच्या स्पर्धांचा जवळजवळ ठरलेला साचा झाला होता.

१९८८ च्या कॅल्गारी (कॅनडा) येथील हिवाळी ऑलिंपिकने तिचे नाव जगभर नेले. महिलांच्या स्पर्धेत पूर्व जर्मनीची काटारिना व्हिट आणि अमेरिकेची डेबी टॉमस यांच्यातील चुरशीकडेच सर्वांचे डोळे लागले होते. दोघींनी मुक्त स्केटिंगसाठी बीझेच्या कार्मेन या संगीतिकेतील संगीत निवडल्यामुळे त्या चुरशीला विशेष रंग चढला होता. इतो आकृत्यांत दहावी आली, तेव्हाच पदकाची आशा मावळली. लघु कार्यक्रमात तिने चौथे स्थान मिळविले. मुक्त स्केटिंगमध्ये तिने सात तिहेरी उड्या यशस्वी केल्या. प्रत्येक उडीगणिक प्रेक्षागारातील जल्लोष वाढत गेला आणि अखेरीस प्रेक्षकांनी उभे राहून तिला मानवंदना दिली. या फेरीत पंचांनी तिला तिसरे स्थान दिले. सादरीकरणाचे गुण तांत्रिक गुणांच्या मानाने कमी पडले होते.

अंतिम निकालात व्हिट (४.२) पहिली, कॅनडाची एलिझाबेथ मॅन्ली (४.६) दुसरी आणि टॉमस (६.०) तिसरी आली. अमेरिकेची जिल ट्रेनरी १०.४ व इतो १०.६ अशा बेरजांनी अनुक्रमे चौथी व पाचवी ठरली. या आकड्यांमधून आकृत्यांचा वाटा वजा केला, तर टॉमसची बेरीज ४.८ व इतोची ४.६ उरते, म्हणजे केवळ संगीतावर सादर झालेल्या दोन फेऱ्यांचा विचार केला असता ब्राँझपदक इतोचे ठरले असते. असे हिशेब अर्थात पश्चात्‌बुद्धीचे असतात. खेळाडू आपल्या सरावाचा वेळ प्रचलित नियमांनुसारच वाटून घेतात आणि व्हिट व टॉमस यांनी आकृत्यांवर घालविलेली वर्षे वाया गेलेली नव्हती. तथापि कॅल्गारीच्या प्रेक्षकांनी जे पाहिले आणि फलकावर जे उमटले, त्यांतील अंतर या हिशेबाने स्पष्ट होते. त्यानंतर लगेचच बूडापेस्ट येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत ती सहावी आली.

त्याच वर्षाच्या हिवाळ्यात तिने जी उडी साधली, तिच्याशी तिचे नाव कायमचे निगडित झाले. फिगर स्केटिंगमध्ये टो लूप, साल्को, लूप, फ्लिप, लुट्झ व ॲक्सेल या सहा प्रमुख उड्या मानल्या जातात. यांपैकी पहिल्या पाच उड्यांत खेळाडू पाठमोरा झेपावतो. ॲक्सेलमध्ये मात्र तो पुढे तोंड करून, पात्याच्या बाहेरील धारेवरून उसळी घेतो आणि पाठमोरा उतरतो. साहजिकच प्रत्येक ॲक्सेलमध्ये अर्धा फेरा अधिक पडतो. नॉर्वेचा स्केटिंगपटू आक्सेल पाउल्सन याने १८८२ मध्ये व्हिएन्ना येथे ही उडी प्रथम करून दाखविली व तिला त्याचेच नाव मिळाले. तिहेरी ॲक्सेल म्हणजे हवेत साडेतीन फेरे. सेकंदाहूनही कमी वेळात हे फेरे पूर्ण करून एका पायाच्या पात्यावर, वेग न मोडता उतरावयाचे असते. पुरुषांमध्ये ही उडी प्रथम कॅनडाच्या व्हर्न टेलर याने १९७८ च्या ऑटावा येथील जागतिक स्पर्धेत यशस्वी केली. त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या डेनीझ बीलमान हिने तिहेरी लुट्झ घेतली, तेव्हा महिलांच्या स्केटिंगची ती सीमा समजली गेली होती. साडेतीन फेऱ्यांची उडी स्त्रीदेहाच्या आवाक्याबाहेरची आहे, असे मत त्यानंतरही जाणकारांत प्रचलित होते. इतोने नोव्हेंबर १९८८ मध्ये आइची प्रांतातील एका स्थानिक स्पर्धेत ही उडी यशस्वी केली व लगोलग तोक्यो येथील एनएचके करंडक या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ती पुन्हा करून दाखविली.

मार्च १९८९ मधील पॅरिस येथील जागतिक स्पर्धेच्या वेळी परिस्थिती तिला अनुकूल होती. व्हिट आणि टॉमस निवृत्त झाल्या होत्या. आंतरराष्ट्रीय संघटनेने आकृत्या पूर्णतः बंद करण्याचा निर्णय १९८८ मध्येच घेतला होता व मधल्या दोन मोसमांसाठी त्यांचे प्रमाण शेकडा २० वर आणले होते. लघु कार्यक्रमाचे प्रमाण ३० झाले होते. इतो आकृत्यांत सहावी आली. तिच्या मानाने हा मोठाच पल्ला होता. लघु कार्यक्रम व मुक्त स्केटिंग या दोन्ही फेऱ्या तिने जिंकल्या. मुक्त स्केटिंगमध्ये तिने तिहेरी ॲक्सेल निर्दोष साधली. जागतिक स्पर्धेत महिलेने ही उडी घेण्याचा तो पहिला प्रसंग. नऊपैकी पाच पंचांनी तिला तांत्रिक गुणवत्तेसाठी सहापैकी सहा गुण दिले. पश्चिम जर्मनीची क्लाउडिआ लाइस्टनर दुसरी व ट्रेनरी तिसरी आली. फिगर स्केटिंगचे जागतिक अजिंक्यपद अशा रीतीने प्रथमच आशियात आले.

पुढील वर्षी हॅलिफॅक्स (कॅनडा) येथे हे अजिंक्यपद तिच्या हातून निसटले. सक्तीच्या आकृत्या समाविष्ट असलेली ती शेवटची जागतिक स्पर्धा होती. ट्रेनरी आकृत्यांत पहिली, लघु कार्यक्रमात पाचवी आणि मुक्त स्केटिंगमध्ये दुसरी आली. इतो आकृत्यांत दहावी व उरलेल्या दोन्ही फेऱ्यांत पहिली होती. ०.४, ०.६ व १.० या गुणकांनी केलेली बेरीज ट्रेनरीच्या बाबतीत ५.४ व इतोच्या बाबतीत ५.६ भरली. आकृत्यांत केवळ एक पायरी वर, म्हणजे नववे स्थान मिळाले असते, तरी तिची बेरीज ५.२ होऊन अजिंक्यपद तिच्याकडे राहिले असते. काही महिन्यांतच आकृत्या स्पर्धेतून कायमच्या गेल्या. नियम बदलण्याआधीच्या अखेरच्या स्पर्धेत त्याच नियमाने पराभूत होणे, हा तिच्या कारकीर्दीतील सर्वांत विषण्ण करणारा योगायोग म्हणावा लागेल.

तेव्हापासून, आकृत्या नसत्या तर इतो अजिंक्य ठरली असती, असे वारंवार म्हटले जाते. हे मत अर्धेच खरे आहे. १९९० पर्यंतच्या निकालांना ते लागू पडते. पण त्यानंतरच्या दोन वर्षांत, आकृत्यांचा अडसर दूर झालेला असतानाही, तिला एकही जागतिक वा ऑलिंपिक सुवर्णपदक मिळाले नाही. १९९१ च्या म्यूनिक येथील जागतिक स्पर्धेत दुर्दैवाने तिची पाठ सोडली नाही. सरावाच्या वेळी फ्रान्सची लाएतिस्या यूबेर हिच्याशी तिची जोरदार टक्कर झाली. नंतर लघु कार्यक्रमातील जोडउडी घेताना ती कठड्याच्या इतकी जवळ आली, की दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासाठी ठेवलेल्या मोकळ्या जागेतून ती थेट मैदानाबाहेर फेकली गेली. क्षणार्धात ती उठून पुन्हा बर्फावर आली व तिने कार्यक्रम पूर्ण केला. या स्पर्धेत तिला चौथ्या स्थानावर समाधान मानावे लागले. क्रिस्टी यामागुची, टोन्या हार्डिंग व नॅन्सी केरिगन या तिन्ही अमेरिकन खेळाडूंनी पहिली तीन स्थाने पटकाविली. हार्डिंगने त्याच वर्षी तिहेरी ॲक्सेल साधली होती. ती उडी आता एकट्या इतोची राहिली नव्हती.

फेब्रुवारी १९९२ मधील आल्बेरव्हील (फ्रान्स) येथील ऑलिंपिकसाठी ती निघाली, तेव्हा जपानमधील वृत्तपत्रांनी व दूरचित्रवाणीने तिचे सुवर्णपदक जवळजवळ गृहीत धरले होते. हिवाळी ऑलिंपिकमध्ये तोवर एकाही जपानी स्त्रीला सुवर्णपदक मिळाले नव्हते आणि या अपेक्षेचे सारे ओझे एका खेळाडूवर येऊन पडले होते. सरावात तिची ॲक्सेल नेहमीप्रमाणे जमत नव्हती. म्हणून लघु कार्यक्रमातील जोडउडीत ॲक्सेलऐवजी तुलनेने निर्धोक अशी तिहेरी लुट्झ घेण्याचा निर्णय झाला. ही लुट्झ ती वर्षानुवर्षे सहज घेत आली होती; नेमकी तीच चुकली व ती पडली. तिला चौथे स्थान मिळाले. नव्या पद्धतीत लघु कार्यक्रमाचा गुणक ०.५ व मुक्त स्केटिंगचा १.० होता. त्यामुळे सुवर्णपदक पूर्णतः तिच्या हाती राहिले नव्हते.

मुक्त स्केटिंगमध्ये (२१ फेब्रुवारी १९९२) तिने सुरुवातीलाच तिहेरी ॲक्सेल घेतली आणि ती पुन्हा कोसळली. अशा प्रसंगी बहुतेक खेळाडू धोक्याच्या उड्या टाळून उरलेला कार्यक्रम सावरतात. तसे करण्यात काही गैरही नसते. इतोने कार्यक्रमाच्या उत्तरार्धात, पाय थकलेले असताना, मूळ योजनेत नसलेली दुसरी तिहेरी ॲक्सेल घेतली व या खेपेस ती स्वच्छ उतरली. ऑलिंपिक सामन्यांत महिलेने घेतलेली ही पहिली तिहेरी ॲक्सेल होय. या फेरीत ती दुसरी आली. तिची व केरिगनची एकूण बेरीज सारखीच, म्हणजे ४.० भरली, परंतु मुक्त स्केटिंगमधील सरस स्थानामुळे रौप्यपदक इतोला मिळाले. यामागुची १.५ या बेरजेने सुवर्णपदकाची मानकरी ठरली. तिने तिहेरी ॲक्सेलचा प्रयत्नही केला नव्हता. तिचा कार्यक्रमही सर्वस्वी निर्दोष नव्हता. परंतु त्याचा समतोल व सफाई पंचांना अधिक भावली. स्त्रियांच्या फिगर स्केटिंगमध्ये आशियाई देशाला मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक. असे असूनही सुवर्णपदक न मिळाल्याबद्दल इतोने आपल्या देशवासीयांची क्षमा मागितली. त्या क्षमायाचनेवरून तिच्यावर पडलेल्या दडपणाची कल्पना येते.

इतोच्या कलागुणांविषयी तत्कालीन समीक्षकांत एकमत नव्हते. लांबसडक हातपाय, बॅले नृत्यातील रेषांची आठवण देणारी अंगलट आणि मंद, डौलदार गती हा महिलांच्या स्केटिंगमधील प्रस्थापित आदर्श होता. इतो त्यात बसणारी नव्हती. तिचा बांधा, पायांची ठेवण व उड्यांवरील भर यांवरून ती खेळाडू आहे, कलावंत नव्हे, असा शेरा मारला जाई. सादरीकरणाच्या गुणांत तो कित्येकदा प्रतिबिंबितही होई. तिच्या आरंभीच्या कार्यक्रमांची रचना साधी होती व हातांच्या हालचालींना पुरेसा पैलू पडलेला नव्हता, हे मान्य करावे लागते. पण उड्यांच्या आधीची तिची वेगवान धाव, झेपेची उंची आणि उतरल्यावरही न मंदावणारी गती यांत एक स्वतंत्र सौंदर्य होते. उडी साधल्यावर तिच्या चेहऱ्यावर उमटणारा निखळ आनंद हे सौंदर्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचवी. प्रेक्षकांना ते बहुधा पंचांच्या आधी उमगले.

१९९२ मध्ये तिने हौशी स्पर्धांतून निवृत्ती घेतली आणि जपानमधील बर्फावरील नृत्यप्रयोगांत भाग घेण्यास प्रारंभ केला. १९९३ ची व्यावसायिक स्केटिंगपटूंची जागतिक स्पर्धा तिने जिंकली. हौशी खेळाडूंच्या नियमांत पुढे शिथिलता आल्यावर १९९५-९६ च्या मोसमात ती पुन्हा स्पर्धेत उतरली. राष्ट्रीय अजिंक्यपद तिने नवव्यांदा मिळविले. परंतु एडमंटन (कॅनडा) येथील जागतिक स्पर्धेत ती सातवी आली. हे पुनरागमन अल्पकालीनच ठरले. ७ फेब्रुवारी १९९८ रोजी नागानो येथील हिवाळी ऑलिंपिकच्या उद्‌घाटनसमारंभात, प्राचीन जपानी धाटणीचा पोशाख परिधान करून, तिने ऑलिंपिक ज्योत प्रज्वलित केली. २००४ मध्ये फिगर स्केटिंगच्या जागतिक कीर्तिमंदिरात तिचा समावेश करण्यात आला.

तिच्यानंतर जपानमध्ये महिला स्केटिंगपटूंची मोठी परंपरा उभी राहिली. यूका सातो ही १९९४ मध्ये जागतिक विजेती झाली. २००२ मध्ये मिकी आंदो या नागोयाच्याच मुलीने कुमारांच्या स्पर्धेत चौपट साल्को घेतली. स्त्रियांत ही उडी घेणारी ती पहिली. इतोला हुलकावणी दिलेले ऑलिंपिक सुवर्णपदक २००६ मध्ये तोरीनो (इटली) येथे शिझुका आराकावा हिने मिळविले. तिहेरी ॲक्सेलचा वारसा मात्र नागोयातच राहिला. माचिको यामादांकडेच लहानपणी शिकलेली माओ आसादा हिने २०१० च्या व्हँकूव्हर येथील ऑलिंपिकमध्ये लघु कार्यक्रमात एक व मुक्त स्केटिंगमध्ये दोन अशा तीन तिहेरी ॲक्सेल यशस्वी केल्या. तीही रौप्यपदकाचीच मानकरी ठरली. सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम यू-ना हिला मिळाले. सहा गुणांची जुनी पद्धत तोवर रद्द होऊन २००४ पासून प्रत्येक उडीला स्वतंत्र मूळ गुण देणारी पद्धत रूढ झाली होती व तीत तिहेरी ॲक्सेलचे मूल्य इतर तिहेरी उड्यांहून बरेच अधिक धरण्यात आले होते. इतोच्या काळी क्रमांकांच्या बेरजेत विरून जाणारी ती उडी आता गुणपत्रिकेत वेगळी मोजली जाऊ लागली.

इतोने स्वतः स्केटिंग सोडले नाही. ओबर्स्टडॉर्फ (जर्मनी) येथे आंतरराष्ट्रीय संघटनेतर्फे प्रौढ वयाच्या स्केटिंगपटूंसाठी स्पर्धा भरविल्या जातात. २०११ मध्ये ती त्यांत सहभागी झाली होती. मे २०२३ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ती तेथे पुन्हा बर्फावर उतरली.